उपचाराचा मुहूर्त: ‘थांबा’पासून ‘आजच’पर्यंत

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना नसरापूरजवळच्या चेलाडी फाट्यावर उजवीकडे वळले की रस्ता वेल्ह्याला जातो. तसेच पुढे जाऊन कापूरहोळला वळले की भोर. एकीकडे राजगड आणि तोरणा, दुसरीकडे भाटघरचा जलाशय, आणि मध्ये डोंगरांच्या कुशीत विखुरलेल्या वाड्यावस्त्या. वेल्हे तालुक्याला आता राजगड हे नवे नाव मिळाले असले तरी बोलण्यात वेल्हेच आहे. दोन्ही तालुक्यांची मुख्य गावे पुणे शहरापासून पन्नास-साठ किलोमीटरवर. नकाशावर हे अंतर बोटभरही नाही. पण वाडीतून पायवाटेने सडकेवर, तिथून जीपने तालुक्याला आणि मग एस.टी.ने पुण्याला असा हिशेब केला की एका खेपेला सबंध दिवस जातो. भातलावणीच्या हंगामात त्या दिवसाची मजुरीही जाते.

आता अशी कल्पना करू की अशाच एका वाडीतील शेतमजुराच्या रक्ताची तपासणी झाली आणि त्यात एचआयव्हीची लागण आढळली. त्याने विचारले, ‘‘औषध कधी सुरू करायचे?’’ हा प्रश्न १९९४ मध्ये विचारला असता तर खरे उत्तर ‘उपयोगी पडेल असे औषध अजून नाही’ हे होते. २००४ मध्ये त्याला ‘रक्तातील विशिष्ट पेशी २०० च्या खाली आल्यावर या’ असे सांगितले गेले असते. एप्रिल २०१७ नंतर ‘पेशी कितीही असोत, औषध घ्या’ असे उत्तर आले. आणि आजचे उत्तर आहे, ‘तयारी असेल तर आजच, नाहीतर सात दिवसांच्या आत.’

विषाणू तोच, माणूस तोच, प्रश्नही तोच. मग उत्तर तीन वेळा का बदलले? ‘शास्त्रज्ञ सारखे मत बदलतात’ असा आक्षेप आपण नेहमी ऐकतो, आणि विद्यार्थीही तो वर्गात घेतात. या आक्षेपाला उत्तर देण्यासाठी उपचाराच्या मुहूर्ताचा हा इतिहास पाहण्यासारखा आहे.

विषाणूचा हिशेब

एचआयव्ही हा विषाणू रक्तातील एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींवर हल्ला करतो. या पेशींच्या पृष्ठभागावर सीडी-४ नावाचे प्रथिन असते, म्हणून त्यांना सीडी-४ पेशी म्हणतात. प्रतिकारयंत्रणेच्या त्या जणू मुकादम आहेत. इतर पेशींना कामाला लावणे हे त्यांचे काम. निरोगी माणसात एका घन मिलीमीटर रक्तात त्या साधारण ५०० ते १५०० असतात. लागण झाल्यावर त्या वर्षानुवर्षे हळूहळू घटतात. २०० च्या खाली गेल्या की क्षय, न्यूमोनिया, मेंदूज्वर असे आजार संधी साधतात. या अवस्थेला एड्स म्हणतात.

लागण आणि एड्स यांच्यामध्ये सात-आठ वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ माणूस वरवर धडधाकट दिसतो. या काळात विषाणू झोपलेला असतो असे पूर्वी वाटे. १९९५ मध्ये डेव्हिड हो आणि जॉर्ज शॉ यांच्या गटांनी स्वतंत्रपणे दाखवले की शरीरात या काळातही रोज अब्जावधी विषाणू तयार होतात आणि तितकेच नष्ट होतात. नळ आणि मोरी दोन्ही उघडी असतील तर टाकीतील पातळी स्थिर दिसते, पण पाणी वाहतच असते. तसाच हा प्रकार.

हा विषाणू स्वतःची प्रत काढताना फार चुका करतो. त्याच्या जनुकीय मजकुरात सुमारे दहा हजार अक्षरे असतात आणि नक्कल करणारे त्याचे विकर तपासणी न करता पुढे सरकते. रोज अब्जावधी प्रती आणि त्यात इतक्या चुका, म्हणजे एखाद्या औषधाला दाद न देणारी प्रत योगायोगाने केव्हातरी निघणारच. पण समजा, एका औषधाला चकवण्याची शक्यता एक लाखात एक आहे. तीन वेगवेगळ्या औषधांना एकाच वेळी चकवण्याची शक्यता मग तीन वेळा एक लाखाने भागून काढावी लागेल. एकावर पंधरा शून्ये, इतक्या प्रतींत एक! अकरावीच्या विद्यार्थ्याला संभाव्यतेचा गुणाकार शिकवताना यापेक्षा चांगले उदाहरण शोधूनही सापडणार नाही. तीन औषधे एकत्र देण्यामागचे तत्त्व हेच.

घाईचा पहिला प्रयोग

पण हे तत्त्व १९९६ मध्ये प्रत्यक्षात आले. त्याआधीचे पहिले औषध झिडोव्हुडिन मार्च १९८७ मध्ये अमेरिकेत मान्य झाले होते. ते आजारी माणसाला काही काळ तारत असे. मग आजारी पडण्यापूर्वीच दिले तर? हा तर्क अगदी स्वाभाविक होता. तो तपासण्यासाठी ब्रिटन, आयर्लंड आणि फ्रान्समध्ये ‘कॉन्कॉर्ड’ नावाची चाचणी झाली. लक्षणे नसलेल्या १७४९ जणांपैकी निम्म्यांना औषध लगेच दिले आणि निम्म्यांना लक्षणे दिसू लागल्यावर. कोणाला काय द्यायचे हे जणू चिठ्ठ्या टाकून ठरवले. १९९४ मध्ये अंतिम निष्कर्ष प्रसिद्ध झाला: तीन वर्षांनंतर दोन्ही गटांत जगण्याच्या प्रमाणात फरक नव्हता. लगेच औषध देऊन काहीच साधले नाही.

आज आपण ‘लगेच औषध द्या’ म्हणतो. मग कॉन्कॉर्डचा निष्कर्ष चुकीचा होता का? मुळीच नाही. एकच औषध होते. विषाणू काही महिन्यांत त्याला सरावत असे. प्रश्न ‘लवकर द्यावे का’ एवढाच नसतो, ‘काय लवकर द्यावे’ हाही असतो.

थांबण्याची तीन कारणे

१९९६ मध्ये तिहेरी औषधयोजना आली आणि श्रीमंत देशांत मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने खाली आले. पुन्हा ‘लवकर द्या’चा जोर वाढला. पण लवकरच ओहोटी लागली. रोज मूठभर गोळ्या, त्याही ठरलेल्या वेळी. उलट्या, रक्तक्षय, यकृताला इजा, चेहऱ्यावरची चरबी झिजून गाल बसणे. गोळ्या चुकल्या की विषाणू औषधाला सरावणार ही भीती वेगळीच. सध्या ठणठणीत असलेल्या माणसाला आयुष्यभरासाठी हा त्रास कशाला द्यायचा, असा विचार डॉक्टरांनी केला आणि तो योग्यच होता. २००१ मध्ये अमेरिकेतील मार्गदर्शक सूचनांनीही उपचाराचा उंबरठा खाली आणला.

गरीब देशांत तिसरे कारण याहून मोठे होते: पैसा. वर्षाला दहा ते पंधरा हजार डॉलर कोण देणार? इथे मुंबईच्या सिप्ला कंपनीचा संबंध येतो. १९७० च्या भारतीय पेटंट कायद्यानुसार औषधाच्या रेणूवर नव्हे, तर ते बनवण्याच्या प्रक्रियेवर पेटंट मिळे. त्यामुळे वेगळ्या मार्गाने तेच औषध बनवण्याची मुभा भारतीय रसायनशास्त्रज्ञांना होती. फेब्रुवारी २००१ मध्ये सिप्लाचे युसूफ हमीद यांनी ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेला तिन्ही औषधे माणशी वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली. दिवसाला एका डॉलरहून कमी! २०२३ मध्ये याहून कितीतरी सरस अशी एका गोळीतील तिहेरी औषधयोजना जागतिक निधीला वर्षाला ४५ डॉलरपेक्षा कमी किमतीत मिळू लागली.

१ एप्रिल २००४ रोजी भारत सरकारने मोफत उपचाराची योजना सुरू केली. पहिल्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता. पण सुरुवातीची केंद्रे मोजकी होती, औषध मर्यादित होते, आणि म्हणून ते ज्यांच्या पेशी २०० च्या खाली गेल्या आहेत अशांना प्राधान्याने मिळे. इतरांची नावे ‘प्री-एआरटी’ नोंदवहीत, म्हणजे उपचारपूर्व यादीत लिहिली जात. ‘सहा महिन्यांनी पुन्हा पेशी मोजायला या,’ असे सांगून त्यांना परत पाठवले जाई. पेशी मोजण्याचे यंत्र अर्थातच मोठ्या शहरात. आपल्या कल्पनेतील शेतमजुराने केवळ ‘अजून वेळ आहे’ हे ऐकण्यासाठी दर सहा महिन्यांनी दिवसाची मजुरी बुडवून पुण्याला यायचे होते. बरे वाटत असताना असे किती जण येतील? यादीतील अनेक जण परत आले ते थेट आजारी होऊन. काही आलेच नाहीत.

पुण्याचा वाटा

ऑक्टोबर १९९२ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने पुण्यात भोसरी येथे राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन केली. (अलीकडे तिचे नाव व कार्यक्षेत्र विस्तारले आहे.) या संस्थेच्या दोन कामांशी आपल्या विषयाचा थेट संबंध येतो.

पहिले १९९७ सालचे. रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांनी पुण्यातील गुप्तरोग दवाखान्यांत १९९३ ते १९९६ या काळात आलेल्या ९१६ स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांपैकी ३९१ जणी वेश्याव्यवसायातील नव्हत्या; बहुतेक विवाहित आणि एकाच जोडीदाराशी संबंध असलेल्या. त्यांच्यातही लागणीचे प्रमाण १३.६ टक्के आढळले. ‘हा आजार वाईट वागणाऱ्यांचा’ या समजाला या आकड्याने मोठाच तडा दिला. या स्त्रियांच्या बाबतीत धोका घराबाहेर नव्हता; तो घरातच, आणि बहुधा कोणालाही माहीत नसताना आला होता.

यातून दुसरा प्रश्न उभा राहिला. जोडीदारांपैकी एकाला लागण आहे, दुसऱ्याला नाही. पहिल्याला लवकर औषध दिले तर दुसरा वाचेल का? आशा बाळगण्यास आधार होता. युगांडातील राकाई जिल्ह्यात अशा ४१५ जोडप्यांचा अभ्यास झाला होता. ज्या जोडीदाराच्या रक्तात विषाणूचे प्रमाण एका मिलीलीटरमध्ये १५०० प्रतींहून कमी होते, त्याच्याकडून एकदाही लागण झाली नव्हती (२०००). पण हे निरीक्षण होते, प्रयोग नव्हे.

प्रयोग झाला तो ‘एचपीटीएन ०५२’ या नावाने, नऊ देशांत, १७६३ जोडप्यांवर. भारतातील केंद्रे होती पुणे आणि चेन्नई. लागण असलेल्या जोडीदाराच्या पेशी ३५० ते ५५० च्या दरम्यान होत्या, म्हणजे त्या वेळच्या नियमाप्रमाणे त्याने थांबायचे होते. ८८६ जोडप्यांत औषध लगेच सुरू झाले, ८७७ जोडप्यांत पेशी २५० पर्यंत घसरल्यावर किंवा आजार दिसल्यावर. सर्वांना निरोध व समुपदेशन दिले जात होते. नव्याने लागण झालेल्या जोडीदारातील विषाणूचा जनुकीय मजकूर पहिल्या जोडीदाराच्या विषाणूशी ताडून पाहिला जाई, म्हणजे लागण नेमकी कोणाकडून झाली हे कळे. मे २०११ मध्ये निकाल इतका स्पष्ट दिसला की तुलना पुढे चालू ठेवणे अन्यायाचे ठरले असते. जोडीदाराकडूनच झालेल्या लागणी होत्या एकूण २८. त्यांपैकी २७ थांबलेल्या गटात आणि फक्त एक लगेच औषध घेणाऱ्या गटात. लागणीत ९६ टक्के घट! थांबलेल्या गटालाही मग लगेच औषध देण्यात आले. या शोधनिबंधाच्या लेखकांत पुण्याच्या शीला गोडबोले आणि संजय मेहेंदळे यांची नावे आहेत. त्यामागे पुण्याची जोडपीही आहेत. त्यांची नावे कोठेही छापलेली नाहीत आणि ते तसेच असायला हवे. त्यांनी वर्षानुवर्षे दवाखान्यात येऊन रक्त दिले, म्हणून आज जगाला हे उत्तर मिळाले आहे.

उंबरठा गेला

लवकर उपचाराने जोडीदार वाचतो हे कळले. पण स्वतः रुग्णाचे काय? २००६ मध्ये ‘स्मार्ट’ चाचणीने एक धक्का दिला होता. ५४७२ रुग्णांपैकी निम्म्यांना पेशी वाढल्यावर औषधातून ‘सुट्टी’ दिली होती, दुष्परिणाम टाळावेत म्हणून. झाले उलटेच. सुट्टी घेतलेल्यांत एड्सचे आजार व मृत्यू जास्त झाले, आणि हृदय, मूत्रपिंड, यकृत यांचे विकारही जास्त! मोकाट विषाणू शरीरात सतत दाह पेटवत ठेवतो आणि त्याची झळ सगळ्यांना बसते हे लक्षात आले. तोवर औषधेही सुधारली होती. रोज एक गोळी, दुष्परिणाम कमी.

शेवटचा निवाडा २०१५ मध्ये ‘स्टार्ट’ चाचणीने केला. पेशी ५०० च्या वर असलेले ४६८५ जण. लगेच औषध घेणाऱ्या गटात गंभीर आजार किंवा मृत्यूच्या घटना ४२, थांबलेल्या गटात ९६. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने पेशींचा उंबरठाच काढून टाकला. भारताने २८ एप्रिल २०१७ रोजी ‘तपासणी करा, उपचार करा’ हे धोरण जाहीर केले. उपचारपूर्व यादीची गरजच उरली नाही.

थांबण्याची तिन्ही कारणे अशी एकेक करून गळून पडली. रसायनशास्त्राने दुष्परिणाम कमी केले, तिहेरी योजनेने विषाणूचे सरावणे रोखले, स्वस्त भारतीय औषधांनी पैशाची अडचण दूर केली. शास्त्रज्ञांनी लहरीने मत बदलले नव्हते. परिस्थिती बदलली आणि पुरावा बदलला, म्हणून उत्तर बदलले.

रस्त्यावरची गळती

‘सर्वांना औषध’ एवढ्याने मात्र काम संपले नाही. तपासणी एका दिवशी, खात्रीची तपासणी दुसऱ्या दिवशी, नावनोंदणी तिसऱ्या, रक्ताचे अहवाल चौथ्या, समुपदेशनाच्या दोन-तीन बैठका आणि मग औषध, असा क्रम असेल तर प्रत्येक खेपेला काही माणसे गळतात. फुटक्या पाटाने शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोहोचत नाही तसे.

जोहान्सबर्गमध्ये ३७७ रुग्णांवर झालेल्या ‘रॅपिट’ चाचणीत (२०१६) एका गटाला सर्व सोपस्कार एकाच भेटीत उरकून त्याच दिवशी गोळ्या दिल्या. या गटातील ९७ टक्के लोकांनी तीन महिन्यांत उपचार सुरू केले, नेहमीच्या पद्धतीत ७२ टक्क्यांनी. दहा महिन्यांनंतर विषाणू काबूत असलेले अनुक्रमे ६४ आणि ५१ टक्के. हैतीतही असाच अनुभव आला. पण आपल्या दृष्टीने सर्वांत बोलकी चाचणी लेसोथोची. हा दक्षिण आफ्रिकेने वेढलेला चिमुकला डोंगराळ देश. विखुरलेली वस्ती, घाटवाटा, दवाखाना दूर. भोर-वेल्ह्याच्या माणसाला ओळखीचे वाटावे असे चित्र. तेथे परिचारिकांनी घरोघर जाऊन तपासणी केली आणि लागण आढळलेल्या एका गटाला तिथेच, त्याच दिवशी औषध देऊ केले. तीन महिन्यांत दवाखान्याशी जोडले गेले ६८.६ टक्के, ज्यांना फक्त ‘दवाखान्यात या’ असे सांगितले त्यांच्यापैकी ४३.१ टक्के. वर्षाअखेर विषाणू काबूत असलेले ५०.४ विरुद्ध ३४.३ टक्के.

हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचायला हवेत. त्याच दिवशी औषध दिल्याने मोठा फायदा झाला हे खरे. पण तसे देऊनही निम्म्या लोकांचा विषाणू वर्षाअखेर काबूत आल्याचे दिसले नाही, हेही तितकेच खरे. पहिली गोळी घरी मिळाली, पण तीनशेसाठाव्या गोळीसाठी घाट उतरावाच लागणार असेल तर गळती फक्त पुढे ढकलली जाते.

म्हणूनच गावाजवळच्या आरोग्य केंद्राला महत्त्व आहे. भोरचे उपजिल्हा रुग्णालय, वेल्ह्याचे ग्रामीण रुग्णालय, प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि उपकेंद्रे ही साखळी नेमकी या फुटक्या पाटावर बसते. प्राथमिक तपासणी येथे होऊ शकते. खात्री तीन वेगवेगळ्या तत्त्वांवरच्या चाचण्यांनी, ठरलेल्या केंद्रात करतात. मोठ्या केंद्राशी जोडलेली ‘लिंक’ केंद्रे २००८ पासून देशात सुरू झाली, त्यांचा हेतूच हा की औषधासाठी दर महिन्याला शहर गाठावे लागू नये. स्थिर रुग्णाला एकदम काही महिन्यांच्या गोळ्या देण्याची पद्धत २०२० च्या टाळेबंदीत विशेष उपयोगी पडली. २०२१ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना निदानानंतर सात दिवसांत, आणि तयारी असल्यास त्याच दिवशी, उपचार सुरू करण्यास सांगतात.

घाई कोठे नको

‘आजच’ म्हणजे डोळे मिटून नव्हे. मेंदूज्वराची लक्षणे असतील, म्हणजे सततची तीव्र डोकेदुखी, मान आखडणे, तर आधी त्याचे निदान करावे लागते. क्रिप्टोकॉकस बुरशीमुळे होणाऱ्या मेंदूज्वरात विषाणूविरोधी औषध फार लवकर दिल्यास मृत्यू वाढतात असे आफ्रिकेतील एका चाचणीत (२०१४) दिसले. पुन्हा बळ आलेली प्रतिकारयंत्रणा लपलेल्या जंतूंवर एकदम तुटून पडते आणि त्या धुमश्चक्रीत मेंदूलाच इजा होते. क्षयाची लक्षणे असली तर क्षयाचे औषध आधी आणि हे थोड्या दिवसांनी. म्हणून गावच्या केंद्रातील डॉक्टरने खोकला, ताप, डोकेदुखी यांविषयी विचारलेले चार प्रश्न गोळीइतकेच मोलाचे आहेत. आणि माणूस हादरलेला असेल, त्याला दोन दिवस हवे असतील, तर ते द्यायलाच हवेत. तयारी रुग्णाची हवी. घाई यंत्रणेने करायची आहे.

जवळचा दवाखाना, ओळखीची माणसे

आता थांबण्याचे एकच कारण उरले आहे, आणि ते रक्तात नाही. दवाखाना जवळ असला की तेथील माणसेही ओळखीची असतात. रांगेत मावशी भेटते, औषध देणारा वर्गमित्र निघतो. म्हणून कित्येक जण गावातले केंद्र टाळून मुद्दाम लांबच्या शहरात जातात. अंतर हा त्यांचा बुरखा असतो. विज्ञानाने औषध दारापर्यंत आणले आणि लाजेने माणसाला घाटापार धाडले, असा हा उलटा न्याय आहे.

एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा २०१७ मध्ये झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीशिवाय कोणाची लागण उघड करणे आणि शिक्षण, नोकरी, उपचार यांत भेदभाव करणे त्याने बेकायदा ठरवले. पण रांगेतल्या नजरेवर कायदा चालत नाही. ती नजर घडते ती घरात आणि वर्गात.

आमच्या पिढीने शाळेत असताना भिंतीवर ‘एड्सवर इलाज नाही’ असे वाचले. तेव्हा ते खरे होते. आज ते वाक्य अर्धवट आहे. विषाणू शरीरातून पुरता जात नाही हे अजूनही खरे. पण वेळेवर सुरू केलेल्या आणि न चुकता घेतलेल्या औषधाने माणूस जवळजवळ इतरांइतके आयुष्य जगू शकतो. विषाणू तपासणीत न दिसण्याइतका दबला असेल तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही, हेही हजारो जोडप्यांच्या अभ्यासांनी सिद्ध झाले आहे. २०२३ च्या अंदाजानुसार भारतात सुमारे २५ लाख लोक ही लागण घेऊन जगत आहेत आणि राज्यांमध्ये सर्वांत जास्त महाराष्ट्रात. यातील काहींची मुले आपल्याच वर्गात असतील.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. प्रजननसंस्थेचा धडा घाईने उरकण्याऐवजी वरची चार उत्तरे फळ्यावर लिहावीत: १९९४, २००४, २०१७ आणि आज. प्रत्येक वेळी उत्तर का बदलले ते मुलांनाच शोधू द्यावे. त्यातून संभाव्यता, उत्क्रांती, पेटंट कायदा आणि प्रयोगाची रचना इतके सारे शिकून होईल. आणि शेवटी एकच प्रश्न विचारावा: आपल्या गावातला कोणी उद्या आपल्याच आरोग्य केंद्राच्या पायऱ्या निर्धास्तपणे चढेल का? त्याचे उत्तर कोणत्याही प्रयोगशाळेत मिळणार नाही.